बचत गटातल्या महिलांसाठी मोबाइल-यूपीआय वर्ग : 'पोरांना येतं, बायांना जमत नाही' हे धरून न चालता आखणी कशी करावी?

पाणंद (प्रश्न)

ग्रामसंघातल्या २४ जणींसाठी मोबाइल आणि यूपीआयचा वर्ग घ्यायचा आहे. वयं ३४ ते ६८. आठ बैठका, दर बैठक दोन तास, दुपारी २ ते ४, ग्रामपंचायतीच्या सभागृहात. बहुतेकींकडे अँड्रॉइड फोन आहे. पाच-सहा घरांत मात्र नवरा-बायकोत मिळून एकच फोन आहे. सात-आठ जणींचं वाचन जेमतेम.

ग्रामसंघाच्या समितीत आखणीची चर्चा झाली, तिच्यात तीन सूचना आल्या. पहिली, शिकवायला बारावीची पोरं बसवा, त्यांना उपजत येतं. दुसरी, पन्नाशीच्या पुढच्यांना फक्त व्हॉट्सॲप आणि व्हिडिओ कॉल शिकवा, पैशाच्या भानगडीत पाडू नका. तिसरी, सगळ्यांचे फोन मराठीत करून द्या, झालं. सूचना करणाऱ्यांच्या मनात वाईट काही नाही. पण कुणाला जमेल आणि कुणाला नाही हे तिन्ही सूचनांत आधीच ठरून गेलं आहे. वर्ग सुरू होण्याआधीच ते मोडायचं आहे, आणि तेही भाषणाने नाही, आखणीने.

तर सांगा : पहिल्या दोन बैठकांत काय घ्यावं, मदतनीस कसे निवडावेत, आणि 'हिला जमत नाही' असं वाटतं तेव्हा प्रत्यक्षात काय बिघडलेलं असतं?

---

टाचणी

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकी सगळं त्यावरच उभं आहे. यूपीआय सुरू करताना अडकणाऱ्यांपैकी बहुतेकींची अडचण डोक्यात नसते, मोबाइल नंबरात असते. म्हणून पहिली बैठक फोन न उघडता घ्या. पासबुक, एटीएम कार्ड, आधार आणि फोन आणायला सांगा आणि प्रत्येकीकडून चार गोष्टी कागदावर लिहून घ्या : बँकेत कुठला नंबर नोंदवलेला आहे, आधारला कुठला, ते सिम आज कुणाच्या फोनमध्ये आहे आणि त्यावर रिचार्ज चालू आहे का.

हे का, तर यूपीआय ॲप नोंदणीच्या वेळी फोनमधल्या सिमवरून स्वतःच एक एसएमएस पाठवतं आणि त्यावरून हा नंबर याच फोनमध्ये आहे याची खात्री करून घेतं. बँकेतला नंबर नवऱ्याचा किंवा मुलाचा असेल, तर बाईने कितीही वेळा बटण दाबलं तरी 'खातं सापडलं नाही' हेच उत्तर येणार. नंबर तिचाच असला तरी रिचार्ज संपलेला असेल तर एसएमएस जात नाही. दोन सिमचा फोन असेल तर चुकीचं सिम निवडलं जातं. सिम हरवलं म्हणून नुकतंच नवीन घेतलं असेल तर पहिले २४ तास त्यावर एसएमएसची सेवा बंद असते. या चारही वेळी पडद्यावर जो इंग्रजी संदेश येतो तो जवळपास सारखाच असतो, आणि शेजारी बसलेला मुलगा म्हणतो, 'आई, तुला जमत नाही, दे इकडे.'

आणखी एक गोंधळ हमखास होतो. आधार केंद्रात जाऊन नंबर बदलला की बँकेतलाही बदलला, अशी समजूत असते. तसं होत नाही. या दोन वेगळ्या नोंदी आहेत. बँकेतला नंबर बदलायला शाखेत अर्ज द्यावा लागतो, आणि तो बदलून यायला काही दिवस लागू शकतात. म्हणून पहिली बैठक आणि प्रत्यक्ष यूपीआयची बैठक यांत निदान दोन आठवड्यांचं अंतर ठेवा. मधल्या बैठका फोनची ओळख, कॉल, फोटो, व्हॉट्सॲप, आवाजाने लिहिणं यांना द्या. हे अंतर ठेवलं नाही तर चौथ्या बैठकीला निम्म्या जणी नुसत्या बसून राहतील आणि 'बघा, म्हणत होतो ना' म्हणणाऱ्यांना आयता पुरावा मिळेल.

पिन बनवायचे मुख्य रस्ते दोन आहेत. एटीएम कार्ड असेल तर कार्डावरचे शेवटचे ६ आकडे आणि मुदतीचा महिना-वर्ष टाकायचं, मग ओटीपी येतो. कार्ड नसेल तर आधार ओटीपीने करता येतं, पण त्यासाठी आधारला आणि बँकेला एकच नंबर लागतो आणि तिच्या बँकेने ती सोय दिलेली असावी लागते. जनधन खात्याची बरीच कार्डं पाकिटातून कधी बाहेरच आलेली नसतात आणि मधल्या काळात त्यांची मुदत संपलेली असते. पहिल्या बैठकीत तेही बघून घ्या.

आता शरीराकडे या. ही बाजू शिकवणारे सहसा पूर्ण विसरतात.

फोनची काच बोटातून जाणाऱ्या सूक्ष्म विजेवर चालते, दाबावर नाही. भांडी, शेण, माती, चुना यांत काम करून कातडी जाड आणि कोरडी झालेली असेल तर काचेला बोट नीट 'दिसत' नाही. मग बाई जोरात दाबते. जोरात दाबताना बोट जास्त वेळ टेकून राहतं आणि फोनला वाटतं की 'दाबून धरलं'. त्यातून नको ते खिडकीवजा पर्याय उघडतात, आयकॉन हलतात, नाहीसे होतात. घरचे म्हणतात, हिने फोन बिघडवला. उपाय साधे आहेत. सुरुवातीला हात धुऊन पुसायचे, थोडं मॉइश्चरायझर लावायचं. नखाने किंवा बोटाच्या टोकाने दाबायचं नाही, बोटाचा मऊ भाग टेकवून लगेच उचलायचा. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जाऊन 'टच अँड होल्ड डिले' लघुवरून दीर्घ करायचा. काही कंपन्यांच्या फोनमध्ये 'टच सेन्सिटिव्हिटी' वाढवायचं बटणही असतं. जाड काच चिकटवलेली असेल तर ते चालू करा. हात थरथरत असतील तर 'पुन्हापुन्हा झालेला स्पर्श दुर्लक्षित करा' अशा अर्थाची सोय काही फोनमध्ये मिळते, तीही बघा.

चाळिशीचा चष्मा घरी ठेवून आलेली बाई वर्गात हमखास 'ढ' ठरते. निरोपातच लिहा : जवळचा चष्मा आणणे. दुहेरी भिंगाचा चष्मा असेल तर फोन छातीपाशी खाली धरून भिंगाच्या खालच्या भागातून बघायचं. डोळ्यांसमोर उंच धरला तर धूसरच दिसणार. एक सोपी चाचणी : वर्तमानपत्रातल्या बातमीचा मजकूर हातभर अंतरावरून वाचता येतो का बघा. येत नसेल तर आधी डोळे तपासणं, मग यूपीआय. मोतीबिंदू असेल तर दारातून येणाऱ्या उजेडाने काच नुसती चमकते, तिला खिडकीकडे पाठ करून बसवू नका.

अक्षरं मोठी करताना शेवटच्या टोकाला नेऊ नका. खूप मोठी केली की पैसे पाठवायच्या पानावरचं 'पुढे' बटण काठाखाली जातं, आणि सरकवल्याशिवाय ते दिसत नाही. मधल्यापेक्षा एक-दोन पायऱ्या वर ठेवा आणि यूपीआय ॲप उघडून बटण दिसतंय ना ते बघा. स्क्रीन ३० सेकंदांत विझते, ती वर्गापुरती २ मिनिटांवर न्या. काठावरून बोट सरकवून मागे जायची पद्धत बंद करून खालची तीन बटणं आणा. सरकवण्याची खूण डोळ्यांना दिसत नाही, बटण दिसतं.

आणि फोनमध्ये जागा आहे का ते बघा. व्हॉट्सॲपवरचे सुप्रभात फोटो आणि व्हिडिओ आपोआप उतरून ३२ जीबीचा फोन तुडुंब भरतो, मग ॲप अडकतं, अपडेट होत नाही. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा'त आपोआप डाउनलोड बंद करा, निदान ३ जीबी मोकळी ठेवा.

पन्नाशीच्या पुढच्यांना पैशांचं शिकवू नका, या सूचनेबद्दल मला खरंच वाईट वाटतं. त्यांच्या खात्यात पेन्शन येते, अनुदान येतं, गटाचा हप्ता कापला जातो. न शिकवल्याने त्या सुरक्षित होत नाहीत. त्यांचा पिन दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडपाठ होतो, एवढंच.

---

सुतळी

मदतनिसांबद्दल लिहितो. 'डिजिटल नेटिव्ह', म्हणजे लहानपणापासून यंत्रांत वाढलेली आणि म्हणून ती आपोआप येणारी पिढी, हा शब्द अमेरिकी लेखक मार्क प्रेन्स्की यांनी २००१ मध्ये रूढ केला आणि तेव्हापासून कोवळ्या वयाला कौशल्य समजायची सवय जगभर लागली. फोनवर रील्स झपझप सरकवणं आणि फोन समजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बारावीच्या मुला-मुलींना जरूर बोलवा, पण वय बघून निवडू नका. एकच परीक्षा ठेवा आणि ती त्यांना, गटातल्या सीआरपी ताईंना (गटांना मार्गदर्शन करणाऱ्या गावातल्याच कार्यकर्त्या), किराणा दुकानदाराला, निवृत्त गुरुजींना, सगळ्यांना द्या. वेळ २५ मिनिटं. यात हे असावं :

एका कागदाचा फोटो काढून त्याची २०० केबीच्या आतली पीडीएफ करायची, तिला नाव द्यायचं आणि ईमेलला जोडून पाठवायची. मग तीच फाइल गॅलरीत न जाता 'फाइल्स'मधून पुन्हा शोधून दाखवायची. इथे बरीच तरुण मंडळी अडकतात, कारण फाइल फोनमध्ये कुठे जाते हे त्यांनी कधी बघितलेलंच नसतं.

अनोळखी कंपनीच्या फोनमध्ये अक्षरांचा आकार बदलायचा. इथे सेटिंग्जमधला शोध वापरणारा माणूस आणि अंदाजाने कुठेही बोट मारणारा माणूस लगेच ओळखू येतो.

पाच एसएमएस छापून द्यायचे. वीज तोडण्याची धमकी, केवायसी अपडेट, लॉटरी, खरा बँक संदेश, खरा ओटीपी. कुठला खोटा आणि कशावरून, ते तोंडी सांगायचं.

शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे. दोन्ही हात पाठीमागे बांधून समोरच्या माणसाला एक नंबर सेव्ह करायला शिकवायचं. फोनला बोट लावलं की नापास. ज्यांना शब्दांत सांगता येत नाही, 'वर उजवीकडे तीन ठिपके आहेत, एकाखाली एक, त्यांना हलकेच टेकवा' इतकं नेमकं बोलता येत नाही, ती माणसं कितीही हुशार असली तरी या कामाला नकोत. शिकणारीच्या हातातून फोन काढून घेणं हाच वर्गातला मुख्य दोष आहे. मदतनीस तीन सेकंदांत काम करून देतो, दोघांनाही बरं वाटतं, आणि तिच्या बोटांना काहीच कळलेलं नसतं. वर्गात नियम एकच ठेवा : मदतनिसाचे हात पाठीमागे. खरोखरच फोन घ्यावा लागला, समजा ॲप गोठलं, तर आधी विचारून घ्यायचा आणि सगळं झाल्यावर पहिल्या पानावर आणून परत द्यायचा, म्हणजे तिला सुरुवातीपासून स्वतः जाता येईल.

चार जणींमागे एक मदतनीस, म्हणजे तुम्हाला ६ लागतील. एक जास्तीचा ठेवा.

सभागृहाचं पण बघा. एका फोनच्या हॉटस्पॉटवर ८-१० फोन जोडले की तो बसतो. एका ॲपचं डाउनलोड साधारण १०० एमबी धरलं तर २४ फोनांना अडीच जीबीच्या आसपास लागतील, आणि दिवसाला दीड जीबीचा पॅक एका दमात संपेल. डाउनलोड वर्गाआधी वेगवेगळ्या वेळी घरून करून यायला सांगा. दोन एक्स्टेन्शन बोर्ड आणि दोन्ही प्रकारच्या पिनांचे चार्जर हवेत, जुन्या फोनांना टाइप-सी चालत नाही. भारनियमनाची वेळ तपासा.

---

कडीपत्ता

सूचना करणाऱ्यांशी बोलायला थोडा मजकूर देते. 'बायांना यंत्र जमत नाही' हा समज फार जुना नाही आणि निसर्गाने दिलेला तर मुळीच नाही.

अमेरिकेत १९४६ मध्ये एनियाक हा संगणक लोकांपुढे आला, सुमारे १८,००० निर्वात नळ्यांचा. त्याच्यावर गणितं बसवणाऱ्या सहा जणी होत्या : कॅथलीन मॅकनल्टी, जीन जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बिलास आणि रूथ लिक्टरमन. हाताशी पुस्तिका नव्हती. यंत्राचे आराखडे वाचून, तारा आणि स्विच बदलून त्यांनी ते चालवलं. यंत्र जुळवणं हे त्या काळी मानाचं, म्हणून पुरुषांचं काम मानलं जायचं. प्रोग्रॅम लिहिणं कारकुनी, म्हणून बायकांचं. पुढे प्रोग्रॅमिंगला पैसा आणि मान मिळू लागला आणि ते काम कुणाला 'जमतं' हेही बदललं. ब्रिटनमध्ये स्टेफनी शर्ली यांनी १९६२ मध्ये घरून काम करणाऱ्या बायकांना घेऊन सॉफ्टवेअर कंपनी काढली, आणि पत्रांना उत्तरं यावीत म्हणून त्या 'स्टीव्ह' अशी सही करत. अमेरिकेत संगणकशास्त्राच्या पदव्यांमध्ये मुलींचा वाटा १९८४ च्या सुमारास ३७ टक्के होता. तो पुढे निम्म्यावर आला. बुद्धी तीस वर्षांत निम्मी होत नाही. घरगुती संगणक मुलग्यांचं खेळणं म्हणून विकला गेला, हे त्याचं एक कारण मानलं जातं. भारतात आणि मलेशियात संगणक शाखेत मुलींचं प्रमाण अमेरिकेपेक्षा बरंच जास्त आहे. इथला समज वेगळ्या जागी बसलेला आहे : पदवीच्या मुलीला येतं असं आपण मानतो, आणि तिच्या आईला येणार नाही असंही मानतो.

पण समितीला अमेरिकेचं सांगण्यापेक्षा गावातलं दाखवा. तुमच्याच अंगणवाडीतल्या सेविका २०२१ पासून पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर मुलांची वजनं, उंच्या, हजेरी भरतात. त्यांच्यात पन्नाशीच्या पुढच्या पुष्कळ आहेत. केंद्राच्या नमो ड्रोन दीदी योजनेत १५,००० बचत गटांना फवारणीचे ड्रोन द्यायचं ठरलं आहे आणि त्याचं प्रशिक्षण १५ दिवसांचं आहे. जिला काम म्हणून फोन हातात मिळाला ती शिकली, एवढाच फरक आहे. सेविका ताईंना मदतनिसांच्या परीक्षेला जरूर बोलवा.

एक सावधगिरी. 'समजाच्या दडपणाने माणूस खरंच कमी करतो' असं दाखवणारं संशोधन प्रसिद्ध आहे, क्लॉड स्टील आणि जोशुआ ॲरनसन या मानसशास्त्रज्ञांचं, १९९५ मधलं. पण नंतरच्या मोठ्या पुनर्प्रयोगांत त्याचे निकाल उलटसुलट आले. तेव्हा धीर देणाऱ्या भाषणाने वर्ग सुरू करण्यावर वेळ घालवू नका. टाचणी यांनी सांगितलेली नंबर-चष्मा-बोट ही यादी जास्त काम करेल.

---

पाणंद

सगळ्यांचे मनापासून आभार. परीक्षा आणि पहिली बैठक तशीच घेणार. तीन शंका उरल्या. फोनची भाषा मराठी करावी का? एकाच फोनवर दोघांचे व्यवहार असतील तर काय? आणि ज्या जणी बँकमित्राकडे अंगठ्याने पैसे काढतात, त्यांचा अंगठा सारखा 'फेल' जातो. तिथेही 'बाईला नीट ठेवता येत नाही' हेच ऐकावं लागतं.

---

टाचणी

भाषा मराठी करावी या मताची मी आहे. फोन मराठीत केला की बऱ्याच ठिकाणी आकडेही देवनागरीत येतात. तरुणांना ते अडचणीचं वाटतं, पण साठीच्या बाईने शाळेत हेच आकडे गिरवलेले असतात आणि ती ते वेगाने वाचते. रक्कम वाचण्यात चूक झाली तर पैसे जातात, म्हणून हा मुद्दा लहान नाही.

एकाच फोनवर दोघं : फोन दोन सिमचा असेल तर एका ॲपवर त्यांचा नंबर, दुसऱ्या ॲपवर तिचा, आणि दोन्ही पिन वेगळे. तिचं सिम त्याच फोनमध्ये कायम राहायला हवं. पिन तिनेच टाकायचा, त्या वेळी बाकी कुणी पडद्याकडे बघायचं नाही. याचा सराव वर्गातच करून घ्या, कारण घरी ते मागायला तिला अवघड जातं. यूपीआय लाइट अशा फोनवर चालू करू नका. त्यात १,००० रुपयांपर्यंतचा व्यवहार पिनशिवाय होतो, आणि एका वेळी ५,००० पर्यंत ठेवता येतात. ज्याच्या हातात फोन, त्याच्या हातात ते पैसे.

साधा बटणांचा फोन असेल तरी तिला वर्गातून काढू नका. *९९# वर इंटरनेटशिवाय शिल्लक बघता येते आणि पैसे पाठवता येतात, एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत, मराठीतही. वेळ मात्र मोजका मिळतो. उत्तर द्यायला उशीर झाला की सत्र तुटतं आणि पुन्हा पहिल्यापासून. म्हणून आकडे आधी कागदावर लिहून घ्यायचे आणि मग डायल करायचं.

---

आगोट

भाषेबाबत टाचणी यांच्याशी माझा अर्धा मतभेद आहे. सगळा फोन मराठीत केला की काही शब्द असे येतात की मराठी माणूसच अडखळतो. आणि घरात दुसऱ्या कुणाला तो फोन लागला की पहिल्यांदा भाषाच बदलली जाते, मग पाठ झालेलं सगळं पुसलं जातं. अँड्रॉइड १३ पासून दर ॲपला वेगळी भाषा देता येते. फोन जसा आहे तसा राहू द्या, यूपीआय आणि व्हॉट्सॲप मराठीत करा. ज्यांचं वाचन जेमतेम आहे त्यांना भाषा कुठलीही असली तरी जागा आणि आकारावरूनच शिकवावं लागणार : डावीकडे वर बाण म्हणजे मागे, चौकटीचे तुकडे म्हणजे स्कॅन. त्यासाठी दर ॲपचं एक-एक पान मोठ्या कागदावर हाताने काढा. प्रोजेक्टरच्या भरवशावर राहू नका, कारण सुरक्षेसाठी पिनचं पान पडद्यावर काळंच दिसतं, आणि नेमकं तेच पान शिकवायचं असतं. देवनागरी आकड्यांचा टाचणी यांचा मुद्दा मात्र मला पटला. ज्यांना तसं वाचायची सवय आहे त्यांच्यापुरता पूर्ण फोन मराठीत करा, आधी विचारून.

आता अंगठा. बोटांवरच्या रेषा भांड्यांची पावडर, सिमेंट, चुना, शेतकाम यांनी झिजतात, वयानेही उथळ होतात. यंत्राला वाचायला काही उरतच नाही. त्यात ठेवण्याचं कसब फार थोडं आहे. बँकमित्राकडे हे करून बघायला सांगा. आधी यंत्राची काच कोरड्या मऊ कापडाने पुसायची, आधीच्या दहा माणसांचं तेल आणि धूळ तिच्यावर असते. कोरडं बोट असेल तर ओल्या रुमालावर टेकवून पुसून घ्यायचं. तेल लावायचं नाही, त्याने काच आणखी माखते. बोट मध्यम दाबाने सपाट ठेवायचं. फार जोरात दाबलं की रेषा चपट्या होतात, हलकं ठेवलं तर अर्ध्याच उमटतात. आणि अंगठाच कशाला? आधारमध्ये दहाही बोटं नोंदलेली असतात. अनामिका किंवा डाव्या हाताचं बोट कमी झिजलेलं असतं. सगळ्यात चांगलं बोट कुठलं हे शोधायची 'बेस्ट फिंगर' नावाची सोयच आधार व्यवस्थेत आहे. बोट एकदा सापडलं की पासबुकाच्या आतल्या पानावर लिहून ठेवायचं. तरी नाहीच जमलं तर आधार केंद्रात ठसे नव्याने देणे. काही ठिकाणी डोळ्याने किंवा चेहऱ्यानेही ओळख पटवता येते, तेही विचारा.

आणि 'फेल' झालं असं सांगितलं तरी पैसे कापले गेले आहेत का हे एसएमएसवर किंवा छोट्या स्टेटमेंटवर बघितल्याशिवाय पुन्हा बोट लावायचं नाही. छापील पावती फेल व्यवहाराचीही मागायची.

---

दुहेरी_टीप

एक भर घालते. तुमच्या २४ जणींत शिलाई यंत्र चालवणाऱ्या चार-पाच तरी असतीलच. त्यांना फोनची दुरुस्तीबुद्धी वेगळी शिकवायची गरज नाही, फक्त आठवण करून द्यायची आहे.

कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याच्या गाठी येत असतील तर दोष बहुधा वरच्या दोऱ्यात असतो. ओवताना कापड दाबणारा पाय खाली राहिला आणि दोरा टेन्शनच्या चकत्यांत बसलाच नाही. खालचा दोरा वर ओढला जात असेल तर वरचं टेन्शन घट्ट तरी आहे किंवा बॉबिनचं सैल. कळत नसेल तर वर लाल आणि खाली पांढरा दोरा घालून चिंधीवर टीप मारून बघतात. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, चिंधीवर बघायचं, मग पुढची. शिवणारी बाई हे रोज करते आणि कुणी त्याला 'तंत्रज्ञान' म्हणत नाही, म्हणून तीही म्हणत नाही.

फोनवर नेमकं तेच लावा. पैसे जात नाहीत? आधी इंटरनेट आहे का, एखादं साधं पान उघडून बघा. आहे तर ॲप बंद करून पुन्हा उघडा. मग सिम. मग बँकेचा सर्व्हर, म्हणजे दुसऱ्या बँकेचं खातं असलेल्या मैत्रिणीच्या फोनवरून जातंय का. एका वेळी एकच. आणि चिंधी म्हणजे १ रुपया. बारा जोड्या करा, हिने तिला १ रुपया पाठवायचा, तिने परत करायचा. प्रत्येकीने निदान पाच फेऱ्या कराव्यात. नाव वाचून मगच पिन, हे दर फेरीला मोठ्याने म्हणायचं. फोन नवीन नोंदवला असेल तर पहिल्या २४ तासांत ५,००० च्या वर पाठवता येत नाही, तेव्हा त्या दिवशी गटाचा मोठा हप्ता भरायचं ठरवू नका. तीनदा पिन चुकला की बहुतेक बँका २४ तास अडवतात, म्हणून दोनदा चुकल्यावर थांबायचं आणि पिन नव्याने बनवायचा.

मुद्दाम चुकायला लावणारीही एक बैठक ठेवा, सहावी वगैरे. फोन विमान मोडवर टाकून द्या, आवाज शून्य करा, अक्षरं उलटसुलट लहान-मोठी करा, आणि जोडीला दोष शोधायला सांगा. फोन आपल्याकडून मोडत नाही ही खात्री त्या एका दुपारीत येते. ती सांगून येत नाही.

फसवणुकीचा सराव त्याच्या पुढच्या बैठकीला. एक मदतनीस बाहेर जाऊन खोटा फोन करेल : 'ताई, तुमचे पैसे जमा करायचेत, पिन टाका.' पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, स्कॅनही लागत नाही. फसवणुकीत पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच, त्याच तासात. फोन करताना व्यवहार क्रमांक लागतो, तो ॲपच्या 'हिस्टरी'त कुठे असतो ते प्रत्येकीने दाखवायचं. आणि खात्यातून पैसे कापले गेले पण समोरच्याला पोचले नाहीत, तर घाबरून पुन्हा पाठवायचं नाही. माणसाला पाठवलेले असतील तर पैसे व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत, दुकानदाराला असतील तर पाच दिवसांपर्यंत, आणि त्यानंतर दर दिवसाला १०० रुपये भरपाई असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

---

पाणंद

बारा जोड्यांचं आणि 'बेस्ट फिंगर'चं दोन्ही लिहून घेतलं. निरोप असा जातो आहे : पासबुक, कार्ड, आधार, फोन, चार्जर, जवळचा चष्मा. मदतनिसांची परीक्षा रविवारी, वयाची अट नाही. समितीतल्या दोघांनीही परीक्षा द्यायचं कबूल केलं आहे.